एकशे दोन पौंड आणि तंजावूरची विमानशर्यत

तंजावूरला जायचं ठरलं ते देवळासाठी नाही, राजवाड्यासाठी नाही, आणि माझ्यासाठी तर मुळीच नाही. ते ठरलं एका पोस्टकार्डामुळे.

साठ साल उजाडायच्या आगेमागची गोष्ट. माझा नवरा मनोहर पुण्यात हवामान खात्यात कारकून होता. (बोलताना मी त्याला जन्मभर 'अहो' म्हटलं. एकेरी फक्त लिहितानाच येतो.) त्याला विमानांचं वेड होतं. वेड म्हणजे असं, की लोहगावच्या बाजूला घरघर झाली की हातातला घास ताटात ठेवून हा गच्चीवर. नुसत्या आवाजावरून विमानाची जात ओळखायचा, आणि मला ओळखता आली नाही की त्याला मनापासून वाईट वाटायचं. स्वतः मात्र कधी विमानात बसला नव्हता. तिकीट परवडणारं नव्हतं, आणि कारकुनाला विमानात बसवून कुठे पाठवावं असं सरकारलाही कधी वाटलं नाही.

कार्ड होतं त्याच्या कचेरीतल्या मित्राच्या काकांचं. सेतुरामराव त्यांचं नाव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, वय अठ्ठावन्न. मराठे राजांबरोबर त्यांचे पूर्वज तंजावूरला गेले ते तिथलेच होऊन राहिले. कार्ड सगळं इंग्रजीत होतं: पोंगल झाल्यावर येणाऱ्या रविवारी तंजावूरच्या धावपट्टीवर हौशी वैमानिकांची शर्यत आहे, नऊ लहान विमानं उतरणार आहेत, त्यातलं एक मी उडवणार आहे. शेवटची ओळ तेवढी मराठीत, पण रोमन अक्षरांत. मोठ्यानं वाचली तेव्हा कळली. 'येणें. जागा आहे. जेवण आहे.'

"अठ्ठावन्न वर्षांचे आहेत," मी म्हटलं, "आणि विमान उडवतात?"

"जागा आहे," मनोहर म्हणाला. "जेवण आहे."

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. चार दिवसांची रजा मिळायला मुख्याध्यापिकाबाईंपुढे जे काही बोलावं लागलं ते इथे लिहीत नाही. घरात मात्र मी माझी अट घातली: शनिवार माझा, रविवार त्याचा.

पुण्याहून मद्रास मेल. तुम्ही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, मद्रासला एका स्टेशनावर उतरायचं आणि दक्षिणेची गाडी दुसऱ्याच स्टेशनावरून पकडायची. आम्ही हे लक्षात ठेवलं नव्हतं. ट्रंक, वळकटी आणि मनोहरची दुर्बीण घेऊन आम्ही सायकलरिक्षातून असे धावत सुटलो, की रिक्षावाल्यालाच आमची दया आली आणि शेवटच्या चढावर त्यानं मनोहरला उतरून ढकलायला लावलं. मनोहर तेव्हा एकशे ब्याण्णव पौंड भरत होता. रिक्षावाल्याचं काही चुकलं नाही.

छोट्या रुळांची गाडी रात्रभर हलत-डुलत गेली. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर सगळीकडे भात. काही शेतं पिवळी, काही कापून झालेली, आणि प्रत्येक दोन शेतांमधून पाणी चाललेलं. कालवे, पाट, नद्या, काय म्हणाल ते. कुंभकोणमला पितळी पेल्यातली कॉफी घेतली आणि त्या क्षणापर्यंत आपण कॉफी म्हणून जे पीत होतो त्याबद्दल मला शंका येऊ लागली.

स्टेशनावर सेतुरामराव स्वतः आले होते. पांढरं धोतर, अंगात कोट, नाकावर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तो चष्मा पाहिला आणि मी मनोहरकडे पाहिलं. मनोहर दुसरीकडे पाहत होता.

"प्रवास सुखाचा जाहला?" काकांनी विचारलं.

'जाहला' हा शब्द मी मुलींना जुन्या पोथ्यांतला म्हणून शिकवत असे. इथे एक जिवंत माणूस तो तोंडात घेऊन हमालाशी तमिळमध्ये हुज्जत घालत होता. त्यांच्या मराठीला तमिळची चाल होती. प्रत्येक वाक्य शेवटी थोडं वर जाऊन मग खाली यायचं.

घर राजवाड्याजवळच्या गल्लीत होतं. दारात रांगोळी, आत झोपाळा. काकू, म्हणजे रुक्माबाई, बाहेर आल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "फारच हडकुळी आहे गं पोर. बस, आधीं टिफिन घे." टिफिन म्हणजे डबा नव्हे, सकाळचा फराळ, इडली आणि त्यावर सांबाराचा पूर. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना त्या किटलीविषयीं कांहीं सांगूं नका. लांबून आलेत. निदान जेवूं द्या."

किटली म्हणजे विमान. काकूंनी त्या घरात विमानाला विमान म्हणायची बंदीच केली होती. काका फ्लाइंग क्लबात गेले की त्या भाताचं भांडं चुलीवर चढवत आणि भात व्हायच्या आत परत या म्हणून सांगत. "पंधरा वर्षें करपलेला भात जेवतों आहे," काका आनंदानं म्हणाले.

शनिवार माझा होता, म्हणून आधी देऊळ. मोठं देऊळ कसं आहे हे मी सांगणार नाही, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. फोटोत न येणारं सांगते. एक, फरशी. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर दगड तापतो. दहाच्या आत जा, नाहीतर आमच्यासारखं सावलीतून सावलीत उड्या मारत दर्शन घ्यावं लागेल. दोन, नंदी. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि आपण शाळेतल्या तिसरीच्या मुलीएवढ्या आहोत असं वाटलं. तीन, सावली. दारातला वाटाड्या छातीठोक सांगतो की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. मनोहरनं ती पाच मिनिटांत शोधून काढली आणि तिच्यात उभा राहून वाटाड्याला हाक मारली.

"ती दुसरी सावली," वाटाड्या न डगमगता म्हणाला.

मग काका आम्हाला देवळाच्या एका भिंतीशी घेऊन गेले. भिंतीवर लांबच लांब मजकूर कोरलेला. देवनागरी! मराठी! राजांनी आपल्या घराण्याची हकीकत दगडात लिहून ठेवलेली. मी अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागले, तेव्हा काका म्हणाले, "मोठ्यानें वाचाल?"

"म्हणजे तुम्ही..."

"मज बोलतां येतें. वाचायला तमिळ येतें, इंग्रजी येतें. हें नाहीं येत. आमच्यांत फार थोड्यांना येतें. मुलगा होतों, बाप झालों, ह्या भिंतीजवळून रोज गेलों. काय लिहिलें आहे तें कुणी वाचून नाहीं दाखवलें."

मी वाचलं. काही ठिकाणी अक्षर झिजलं होतं, काही ठिकाणी कोरणाराच काना विसरला होता. मुलींच्या वह्या तपासून माझी नजर त्यात तयार होती. काका डोळे मिटून ऐकत होते. एखादा शब्द घरातला निघाला की हसत, आणि तो पुन्हा म्हणून बघत. अर्धा तास गेला. माझे तळवे भाजले, पण थांबावंसं वाटलं नाही. मनोहरनं आपला रुमाल ओला करून आणला आणि माझ्या पायाखाली पसरला.

दुपारी काकूंनी 'पिटलं' वाढते म्हणून सांगितलं. दोन दिवसांच्या परक्या चवींनंतर पिठलं! मी पाटावर सरसावून बसले. पानात आली ती तुरीची डाळ, चिंच, वांगी आणि भाजलेलं खोबरं घातलेली दाट आमटी. नाव आमचं, गाव त्यांचं. मी तीन वेळा घेतली. संध्याकाळी राजवाड्यातल्या पंचधातूच्या मूर्ती पाहिल्या, आणि बाजारात मान हलवणारी मातीची बाहुली घेतली. तिच्याशी काहीही बोला, ती हो म्हणते. मनोहरला ती फार आवडली.

आता रात्रीची मौज. शर्यतीसाठी मद्रासहून, बंगळूरहून वैमानिक आले होते, आणि त्यांच्यासाठी गावातल्या एका क्लबाच्या हिरवळीवर मेजवानी होती. दिव्यांच्या माळा, ग्रामोफोन, इंग्रजी नाचाच्या तबकड्या. मद्रास राज्यात दारूबंदी, त्यामुळे हे सगळे शूरवीर हातात पन्नीर सोडा घेऊन उभे. मी पनीर म्हणजे दुधाचं समजून घाबरत घोट घेतला; निघाला गुलाबपाण्याचा सोडा. तोंडात अत्तराची बाटली फुटल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या बाटलीपर्यंत सवय होते.

नाचायला कुणी पुढे येईना. शेवटी बंगळूरचा एक रुबाबदार वैमानिक, मिशीला मेण लावलेला, एकटाच खुर्ची धरून नाचून दाखवू लागला. तेवढ्यात शेजारच्या रस्त्यावरून देवाची पालखी निघाली. नादस्वरमची सनई आणि तविलचा ढोल असे काही घुमले की ग्रामोफोन फिरताना दिसत होता, ऐकू येत नव्हता. मिशीवाला थांबला, खुर्चीला झुकून सलाम करून ती खाली ठेवली आणि सगळ्यांबरोबर कुंपणाशी येऊन उभा राहिला. आम्ही सगळे तिथेच थांबलो. मेजवानी कुंपणाशीच झाली.

तिथेच राघवन भेटला. मद्रासचा तरुण वकील, बांबूसारखा सडपातळ, काकांचा निरीक्षक. शर्यतीचा नियम असा होता: विमानात वैमानिकाबरोबर एक निरीक्षक हवा. तंजावूरहून निघून मन्नारगुडी, तिथून कुंभकोणम, तिथून पापनाशम आणि परत. तिन्ही वळणांवर जमिनीवर पांढऱ्या कापडाचं एकेक मोठं इंग्रजी अक्षर पसरलेलं असणार, कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही. निरीक्षकानं ते वरून वाचून कागदावर लिहायचं. अक्षर चुकलं की विमान बाद. आणि सगळ्यात हळू विमान सगळ्यात आधी सोडायचं, म्हणजे शेवटी सगळ्यांना सारखी संधी.

"सगळ्यांत हळू कोणतं?" मी विचारलं.

"आमचें," काका अभिमानानं म्हणाले.

मेजवानीनंतर राघवननं जवळच्या खाणावळीत बिर्याणी खाल्ली, तिच्यावर तीन ऑम्लेटं, त्यांच्यावर केळ्याची भजी. "तुमचा निरीक्षक वजनानें हलका हवा म्हणून निवडला ना?" मी काकांना हळूच विचारलं. दिवसभर त्यांच्याबरोबर राहून मीही आता त्यांच्यासारखे अनुस्वार देऊ लागले होते.

रविवार उजाडला. धावपट्टी गावाबाहेर, पुदुकोट्टैच्या रस्त्याला. बसनं गेलात तर शेवटचा मैल चालावं लागतं. आम्ही पोचलो तर जत्राच भरलेली: भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, रंगीत फुगे, झाडांवर चढलेली माणसं. नऊ विमानं ओळीत उभी. मनोहर त्या ओळीपुढून असा चालला, जसा मी आदल्या दिवशी त्या भिंतीपुढून चालले होते. हात पाठीमागे बांधलेले, कशाला लावायचे नाहीत म्हणून. काकांचं विमान शेवटी. पिवळं, वरखाली दोन पंखांचं, वर छप्पर नाही, एकामागे एक बसायच्या दोन खोबणी. काकू किटली म्हणत होत्या ते उगाच नव्हतं.

आणि राघवन नव्हता. तासाभरानं त्याचा निरोप आला: तो लॉजवर आहे, आणि लॉजवरून हलण्याच्या स्थितीत नाही. ऑम्लेटं नडली की भजी, ते कधी कळलं नाही.

मनोहरनं घड्याळ काढून खिशात ठेवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग एक पाऊल पुढे आला. "काका," तो म्हणाला, "मला नकाशा वाचता येतो. वारा समजतो. आवाजावरून इंजिन..."

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बापू, तुम्हांस घेऊन किटली जमीन सोडणार नाहीं. तिची ताकद मज ठाऊक आहे." मग त्यांचा चष्मा माझ्याकडे वळला. "तुमचें वजन किती?"

"मी? एकशे दोन पौंड. नाही काका! अजिबात नाही. मला शिडीवर चढलं तरी गरगरतं."

"झिजलेलें अक्षर वाचलेंत तुम्ही काल. हीं तर पंधरा-पंधरा हात लांब आहेत."

मी मनोहरचा दंड धरून त्याला बाजूला नेलं. "मी जाणार नाही," मी म्हटलं. "हे तुमचं आहे. तुम्ही खाली उभे राहणार आणि मी वर जाणार, हे मला जन्मभर टोचेल."

तो थोडा वेळ त्या पिवळ्या विमानाकडेच पाहत होता. मग त्यानं अंगातला कोट काढला आणि मला घातला. बाह्या दुमडल्या, एकदा, दोनदा. "वर थंडी असते," तो म्हणाला. "जा. आपल्या दोघांतल्या एकानं तरी बघून यावं."

मी पाचवारी साडीचा कासोटा मारला, पर्स त्याच्या हातात दिली, राघवनची कातडी टोपी डोक्यावर चढवली आणि पुढच्या खोबणीत बसले. काका मागे. दोघांमध्ये एक रबरी नळी; तिच्यातून बोलायचं.

उडालो तो क्षण मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे घट्ट मिटले होते. उघडले तेव्हा पोट अजून धावपट्टीवर होतं आणि बाकीची मी आकाशात. देवळाचं शिखर डावीकडे, माझ्या खांद्याच्या खाली! ज्याच्यापुढे काल मान मोडेपर्यंत वर पाहिलं, ते.

"भय वाटतें?" नळीतून आवाज आला.

"हो!"

"उत्तम. खालीं पहा. हा वडवार कालवा. तो पलीकडचा वेण्णार. त्याच्यावरचें तें दार मीं बसवलें."

त्या माणसाला नकाशाची गरजच नव्हती. तीस वर्षं त्यांनी ते कालवे पायी मोजले होते. चष्म्यातून त्यांना दिसत किती होतं देव जाणे, पण पाण्याची रेघ चमकली की ते नाव सांगत, आणि फाटा फुटला की त्या फाट्यावरचं भांडणही सांगत. खाली पिवळे, हिरवे, तपकिरी तुकडे, आणि सगळ्यांना शिवत गेलेलं पाणी. मी भीती विसरले. खरंच विसरले. मन्नारगुडीच्या मोठ्या तळ्याजवळ लाल निशाण हलवणारा माणूस आणि त्याच्या शेजारी ठळक पांढरं R. कुंभकोणमला तसंच निशाण, तसंच ठळक A. मी दोन्ही लिहिली. मागे वळून पाहिलं तर बाकीची विमानं चिलटांएवढी, दूर. आम्ही पहिले होतो!

पापनाशम आलं. रेल्वेचे रूळ, स्टेशन, कालवा. कालव्याच्या काठावर पांढरं T. मी पेन्सिल टेकवली आणि थांबले. काहीतरी खटकलं. शाळेत एखाद्या मुलीचं अक्षर अचानक बदललं की कळतं ना, वही दुसऱ्या कुणी लिहिली आहे, तसं. आडवी रेघ उभीपेक्षा बारीक होती. शेवटचं टोक वाऱ्यानं फडफडत होतं. निशाणवाला कुठेच नव्हता. आणि शेजारी चार पायांची काहीतरी चरत होती.

"काका, गाढव!" मी नळीत ओरडले.

नळीतून आलं: "कोण? मी?"

"नाही हो! खाली! गाढवं आहेत! ते अक्षर नाही, धोब्याची धोतरं आहेत! परत फिरा!"

"फिरलों तर मागचे गांठतील."

"मग गाठू देत. मी चुकीचं लिहिणार नाही!"

एवढ्या जोरात मी सासरी कधी बोलले नव्हते. एक क्षण वाटलं काका ऐकणार नाहीत. मग डावा पंख खाली गेला, सगळं क्षितिज तिरपं झालं, आणि आम्ही मोठा फेरा घेतला. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा घेत असताना एक निळं विमान आमच्या डोक्यावरून सरळ निघून गेलं, त्याच्या मागोमाग एक चंदेरी. आणि मग रुळांच्या पलीकडे, नारळांच्या राईआड, लाल निशाण दिसलं. त्याच्या पायाशी K. जाड, सरळ, नीटनेटका K. मी तो लिहिला आणि खाली एक रेघही ओढली.

परत येताना काकांनी एकाही कालव्याचं नाव सांगितलं नाही. मला वाटलं रागावले. शेवटी म्हणाले, "भात करपला आज."

आम्ही तिसरे उतरलो. विमान थांबायच्या आधीच मनोहर धावत आला. दुर्बीण गळ्यात उलटी, हातात माझी पर्स छातीशी आवळलेली. चेहरा पांढराफटक. पहिली दोन विमानं आली आणि पिवळं येईना, तेव्हा कुणीतरी गर्दीत म्हणालं होतं की एक पापनाशमला पडलं. कुणी म्हणालं, काय म्हणून म्हणालं, कळलं नाही. तो तेवढा वेळ तसाच उभा होता. मी उतरले तेव्हा त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि त्यानं म्हटलं ते हे: "तुमची पर्स." मला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. सगळ्यात आधी उतरलेलं निळं विमान त्या मिशीवाल्याचं. त्याच्या चिठ्ठीवर पापनाशमसमोर T. बाद! तो उसळला. T होताच, मी स्वतः पाहिला, माझ्या निरीक्षकानं पाहिला!

"होताच," मी म्हटलं. माझ्या तोंडून इंग्रजी कसं निघालं कोण जाणे. "मीही पाहिला. पण तो धोब्याचा होता."

आधी पंच हसले, मग सगळे, आणि शेवटी मिशीवालाही. त्यानं मला झुकून सलाम केला, आदल्या रात्री खुर्चीला केला होता तसाच. चंदेरी विमानानं K बरोबर लिहिला होता, ते पहिलं, आम्ही दुसरे. काकांना एक लहानसं चांदीचं तबक मिळालं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं, मी त्यांच्या, असं बराच वेळ चाललं. शेवटी घरी आल्यावर ते काकूंकडे गेलं. काकूंनी ते उलटंसुलटं पाहिलं, मला जवळ ओढलं, माझी बोटं मोजल्यासारखी एकेक चाचपली, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "परक्याची पोर नेतां त्या किटलींत?" मग आत जाऊन पहिल्यांदाच न करपलेला भात घेऊन आल्या. त्यांनी त्या दिवशी चूल पेटवलीच उशिरा होती. कुणीतरी धावत येऊन आम्ही उतरलो असं सांगेपर्यंत त्यांना चुलीपुढे बसवत नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं निघालो. डब्यात गर्दी नव्हती. मनोहर खिडकीशी बसला होता आणि तंजावूर सोडल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. मला वाटलं, आता हे आमच्यात राहणार. घरात विमानाचा आवाज आला की हा घास खाली ठेवणार नाही, आणि ते का, हे मला ठाऊक असणार.

पापनाशमच्या पुढे कुठेतरी तो माझ्याकडे वळला. "सांग," म्हणाला.

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून. इंजिन सुरू झालं तेव्हा पायाखाली थरथर कुठे लागली? टाचेला की तळव्याला?"

मी सांगू लागले. तो अडवून विचारायचा. वळताना वारा कुठल्या गालावर आला? नळीतून येणारा आवाज कोरडा होता की घुमणारा? जमीन सुटली ते कशावरून कळलं? डोळे मिटले होते म्हटल्यावर तो इतका वैतागला की समोरच्या बाकावरचे गृहस्थ जागे झाले. मग म्हणाला, बरं, डोळे मिटलेले असताना काय ऐकू आलं ते सांग. आणि मला आठवलं! चाकांचा खडखडाट थांबला होता. एकदम. तो ऐकून मनोहरनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

पुण्याला आल्यावर रजा लांबल्याबद्दल मुख्याध्यापिकाबाईंनी मला उभं करून विचारलं. मी कारण सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि माझा पगार कापला गेला.

तुम्ही तंजावूरला जाल तर तुम्हाला ती शर्यत दिसणार नाही. पुढे कधी तशी झाल्याचं माझ्या कानावर नाही. देऊळ आहे, भिंत आहे, मराठी येतं म्हणणाऱ्या कुणाला भेटलात तर त्यांना ती वाचून दाखवा. दुपारची वेळ टाळा. पिटलं मागा. पन्नीर सोडा एकदा तरी प्या.

माझ्याकडे काय राहिलं, हे सांगायचं तर थोडं गमतीचं आहे. आमच्याकडे पाहुणे आले की मनोहर ही गोष्ट सांगायचा. पहिली काही वर्षं तो सांगायचा, "ही वर गेली." मग कधीतरी ते "आम्ही गेलो" झालं. मुलं मोठी झाली तोवर ते "मी वरून पाहिलं" झालेलं होतं, आणि तो इतकं बारीक, इतकं अचूक सांगायचा की ऐकणारा खुर्चीचे हात घट्ट धरायचा. मी आतून चहा घेऊन यायचे आणि दारात थांबून ऐकायचे. टाचेला लागलेली थरथर, उजव्या गालावरचा वारा, खडखडाट थांबल्यावरची शांतता. एकदाही त्याला दुरुस्त केलं नाही. चूक काय होती त्यात? आज माझं मलाच त्या उड्डाणातलं फारसं आठवत नाही. जे आठवतं ते त्याच्या आवाजात आठवतं.

खऱ्या विमानात बसायचा योग त्याला पुढेही आला नाही. एकदा तिकिटं काढली होती, तेव्हा त्याची तब्येत बिघडली, आणि नंतर राहून गेलं. नातवंडं कधी विचारतात, आजोबा विमानात बसले होते का गं?

मी सांगते, हो. तंजावूरला.